खिडकी पांढरी, भिंत पिवळी, धबधबा कापसाचा : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांचे सरळ दोन गठ्ठे पडले: घराच्या आतले फोटो आणि पावसाळ्यातला सह्याद्री. बहुतेकांनी एकच विचारलं आहे, ‘हे एडिटिंगमध्ये कसं काढायचं?’ निम्म्याहून अधिक दुखणी कॅमेऱ्यापाशीच बरी होणारी आहेत, म्हणून आधी तिथलं सांगितलं आहे, सॉफ्टवेअरचं नंतर. स्लायडरची नावं लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधली आहेत. इतर सॉफ्टवेअरांतही ती जवळपास हीच असतात.

प्रश्न : कोकणात आमचा छोटा होमस्टे आहे. खोलीच्या खिडकीतून नारळी-पोफळीची वाडी दिसते, तीच आमची शान. पण फोटोत खिडकी पांढरीफटक येते. खिडकीवर एक्स्पोजर धरलं की खोलीत काळोख. मोबाइलच्या एचडीआरने सगळंच राखाडी होतं. आमच्याकडे साधा डीएसएलआर आणि ट्रायपॉड आहे.

भर दुपारी खोलीतला उजेड आणि बाहेरचं ऊन यांत सहज सात-आठ स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे बाहेर शे-दोनशे पट जास्त प्रकाश. तो एका फ्रेममध्ये बसवून दोन्हीकडचा तपशील जपणं कठीणच. म्हणून पहिली गोष्ट बदला ती वेळ. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत अंधारून येतं. या काळात बाहेरचा उजेड उतरत उतरत खोलीतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. सूर्यास्तानंतर दहाव्या ते विसाव्या मिनिटापर्यंत दर दोन मिनिटांनी एक फ्रेम घ्या. त्यातल्या एका फ्रेममध्ये वाडीही दिसेल आणि पलंगावरची चादरही, तेही काहीही न जोडता. ट्रायपॉड मात्र आधीच लावून ठेवा. जागा शोधण्यात ती दहा मिनिटं कधी निघून जातात कळत नाही.

पण वाडीची हिरवाई उन्हातच हवी असेल तर ब्रॅकेटिंग करा, म्हणजे एकाच दृश्याच्या कमीजास्त उजेडाच्या फ्रेम घेऊन नंतर जोडा. मॅन्युअल मोड, एफ/८, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एका आकड्यावर पक्का, फोकस एकदा धरून मॅन्युअलवर. मग फक्त शटर बदलत पाच फ्रेम : १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद. पहिलीत बाहेरची झावळी स्वच्छ दिसली पाहिजे, शेवटचीत पलंगाखालचा अंधारही उघडला पाहिजे. तसं नसेल तर त्या टोकाला आणखी एक फ्रेम. छिद्र (एफचा आकडा) बदलायचं नाही, कारण छिद्र बदललं की फोकसची खोली बदलते आणि फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत. दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबताना कॅमेरा हलतो. पंखा बंद करा आणि पाती पूर्ण थांबू द्या.

फ्रेम जोडताना ‘डीघोस्ट’ मध्यमवर ठेवा, नाहीतर वाऱ्याने हललेल्या झावळ्या दुहेरी दिसतील. आता राखाडीचं कारण. सॉफ्टवेअर खिडकी खाली खेचतं, सावली वर खेचतं आणि दोन्ही मधल्या पातळीवर येऊन बसतात. खिडकी खोलीपेक्षा एक-दीड स्टॉप उजळच राहू द्या. आपल्या डोळ्यालाही ती तशीच दिसते. हायलाइट्स उणे ४०-५० वर थांबवा, शॅडोज अधिक ३० च्या पुढे नको, आणि ब्लॅक्स थोडे खाली आणून पलंगाच्या पायाशी खरा काळा राहू द्या. खोलीत कुठेच काळा नसेल तर फोटो धुरकट दिसणारच.

तिसरा मार्ग फ्लॅशचा, आणि खिडकीसाठी आम्हाला तोच सर्वांत स्वच्छ वाटतो. एक फ्रेम खोलीच्या नैसर्गिक उजेडाची घ्या, खिडकी उडाली तरी चालेल. दुसरी १/२०० शटरवर, बाहेरचं दृश्य बरोबर येईल अशी, पण फ्लॅश थेट खिडकीच्या चौकटीवर आणि आजूबाजूच्या भिंतीवर मारून. फोटोशॉपमध्ये दुसरी फ्रेम वर ठेवून लेयरचा मोड ‘डार्कन’ करा आणि मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) काळा करून फक्त खिडकीवर पांढऱ्या ब्रशने उघडा. डार्कन दोन्हींतला गडद पिक्सेल ठेवतो : काचेच्या जागी वाडीचा, भिंतीच्या जागी पहिल्या फ्रेमचा. गज, कडी, पडद्याची किनार आपोआप सुटी होते, एकेक गज हाताने कापत बसावं लागत नाही. खिडकीची दारं उघडी ठेवा. काच बंद असेल तर फ्लॅशचा पांढरा गोळा त्यात दिसतो.

प्रश्न : एकच भिंत, पण एका टोकाला पिवळी आणि दुसऱ्या टोकाला निळी येते. व्हाइट बॅलन्स कुठेही ठेवला तरी एक बाजू बिघडतेच.

बिघडणारच, कारण खोलीत दोन-तीन रंगांचे प्रकाश एकदम आहेत. पिवळसर एलईडी ३००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की प्रकाश निळसर), ‘कूल डेलाइट’ ट्यूब ६५०० ची, आणि खिडकीतून येणारा निळ्या आकाशाचा उजेड त्याहूनही थंड. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर अख्ख्या फोटोला एकच आकडा लावतो. त्याच्याकडून दोन टोकं सांधण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

उपाय खर्चाचा नाही : दिवसा फोटो काढताना सगळे दिवे बंद. खोली अंधारी वाटेल, वाटू द्या. ट्रायपॉडवर एक-दोन सेकंद उघडं ठेवलं की भरपूर उजेड मिळतो, आणि एकाच दिशेने आल्यामुळे सोफ्याला, उशांना आकारही मिळतो. दिवे लागलेलेच दाखवायचे असतील तर संध्याकाळी काढा आणि खोलीतले सगळे बल्ब एकाच केल्विनचे करा. बल्बच्या खोक्यावर आकडा छापलेला असतो. एक डझन सारखे बल्ब घेऊन ठेवणं हे दहा फोटो दुरुस्त करण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आधीच काढलेल्या फोटोसाठी : रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) मुख्य व्हाइट बॅलन्स खिडकीच्या उजेडाला जमवा, मग पिवळ्या भागावर ब्रश मास्क करून टेम्प उणे १५ ते ३० आणि सॅच्युरेशन उणे २० करा. सगळा पिवळेपणा काढू नका. लॅम्पशेडभोवती थोडा ऊबदार रंग असला तरच तो दिवा वाटतो.

एक जागा मात्र अशी की तिथे दिव्यांचा दोष नसतो. लाल कोबा, रेड ऑक्साइडची फरशी किंवा उघड्या जांभ्याची भिंत असेल तर खिडकीतलं ऊन तिच्यावर आदळून लालसर होतं आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर, कधी थेट छतावरही गुलाबी झाक देतं. लोक त्यावर मॅजेन्टा-हिरवा टिंट फिरवत बसतात आणि मग पडदे हिरवे होतात. फरशीवरचं थेट ऊन पातळ पांढऱ्या पडद्याने अडवा, झाक बरीच उतरते. उरलेली फक्त त्या पट्ट्यावर मास्क करून सॅच्युरेशन कमी करून काढा.

याच वाचकांनी विचारलेले आडवे काळे-करडे पट्टे विजेमुळे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, किंवा त्याहून बरंच हळू. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही हे जमतं.

प्रश्न : वन बीएचके भाड्याने द्यायचा आहे. मोबाइलच्या ०.५एक्सने खोली मोठी दिसते, पण भिंती आत कलतात आणि कोपऱ्यातला माठ अंड्यासारखा होतो.

०.५एक्स म्हणजे साधारण १३ मिलिमीटरची लेन्स. तिच्या कडेला असलेली प्रत्येक गोल वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते. माठ, टेबलावरची ताटली, भिंतीवरचं घड्याळ सगळं. एक तर माठ फ्रेमच्या मधल्या भागात आणा, नाहीतर १एक्सवर या. ती साधारण २४ मिलिमीटरची असते आणि बहुतेक खोल्यांना पुरते. पाठ भिंतीला टेकवून किंवा दाराच्या चौकटीत, जमल्यास दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं राहा. शिवाय भाडेकरू खोली बघायला येतोच. फोटोत हॉल अंगणाएवढा दाखवला तर दारातच त्याचा चेहरा पडतो.

भिंती कलतात कारण मोबाइल वर किंवा खाली झुकलेला असतो. तो भिंतीशी समांतर, अगदी उभा धरा. सेटिंग्जमधली ग्रिड आणि लेव्हल चालू करा आणि दाराची चौकट ग्रिडच्या रेषेला लावा. छत जास्त आणि जमीन कमी येत असेल तर मोबाइल झुकवू नका, हात खाली घ्या. बैठकीच्या खोलीला जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आसपासची उंची चालते. उभ्या माणसाच्या डोळ्यापासून काढलं की सोफ्याच्या गाद्याच गाद्या दिसतात. स्वयंपाकघरात थोडं वर, १३०-१४० : ओटा कमरेएवढा असतो, त्याचा वरचा भाग बोटभर पट्टीसारखा दिसला की पुरे. उंची त्याहून कमी झाली तर ओट्याची नुसती कड दिसते, ग्रॅनाइट दिसतच नाही.

राहिलेला किरकोळ कल ‘ट्रान्सफॉर्म’मधल्या ‘व्हर्टिकल’ने जातो, पण फ्रेमच्या कडा कापल्या जातात. म्हणून काढतानाच चारही बाजूंनी वीतभर जागा जास्त ठेवा. आणि लेन्स पुसा. खिशातल्या मोबाइलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं, खिडकीभोवती जो दुधट पसारा दिसतो तो बहुतेक वेळा त्याचाच.

प्रश्न : व्हिट्रिफाइड टाइल्सवर खिडकीची चमक येते. पोलरायझर चालेल का?

चालेल. पोलरायझर म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर. जमिनीशी साधारण ३५ अंशांचा कोन असतो तिथे तो सर्वांत जास्त काम करतो, म्हणजे समोरच्या काही फुटांची चमक जाईल, लांबची राहील. फिल्टर पूर्ण फिरवू नका. चमक सगळी गेली की टाइल सिमेंटसारखी मेलेली दिसते. आरसा आणि स्टीलच्या भांड्यांवर त्याचा उपयोग नाही. धातूवरून परतलेल्या प्रकाशाला तो अडवू शकत नाही.

प्रश्न : धबधब्यासाठी दहा स्टॉपचा एनडी घेतला. पाणी कापसासारखं येतं आणि झाडं सगळी हललेली. यूट्यूबवर तर हाच फिल्टर सांगतात.

एनडी म्हणजे फक्त प्रकाश कमी करणारा काळसर फिल्टर. दहा स्टॉप म्हणजे प्रकाश हजारावा भाग. तो उन्हातल्या समुद्रासाठी ठीक आहे. पावसाळ्यात ढगाळ दुपारी एफ/११, आयएसओ १०० वर शटर साधारण १/३० येतं. त्यावर दहा स्टॉप लावले की ३०-३५ सेकंद झाले. तेवढ्यात पाण्याचा आकार पुसला जातो आणि फांद्याही नाचून घेतात.

आता हेच गणित उलटं करा. १/३० वर आधी पोलरायझर लावा. तो दीडेक स्टॉप खातो, शटर १/१० च्या आसपास. नुसत्या पोलरायझरवरच पाण्याला रेघ येऊ लागते. त्यावर तीन स्टॉपचा एनडी लावला की पाऊण सेकंद. आमच्या मते जोरात कोसळणाऱ्या धबधब्याला १/४ ते १/२ सेकंद पुरतात : पाण्याचे धागे वेगळे राहतात आणि मध्ये कातळ दिसतो. बारीक ओघळणाऱ्या पाण्याला एक-दोन सेकंद चालतील.

पोलरायझर इथे प्रकाश कमी करण्यापेक्षा मोठं काम करतो. ओल्या पानांवर आणि कातळावर पांढरट आकाशाचं प्रतिबिंब असतं, त्यामुळे हिरवा रंग करडा पडतो. फिल्टर हळूहळू फिरवत व्ह्यूफाइंडरमध्ये एकाच पानाकडे बघा. एका क्षणी ते पान भिजल्यासारखं गडद होतं. तिथे थांबा. हा हिरवा नंतर सॅच्युरेशन वाढवून येत नाही, कारण पानावर पसरलेल्या पांढऱ्याखाली रंगच नोंदलेला नसतो.

हललेल्या झाडांसाठी कॅमेरा न हलवता दुसरी फ्रेम घ्या : एनडी काढून, आयएसओ १६००, शटर १/१६०. फोटोशॉपमध्ये पाणी पहिल्या फ्रेममधलं, फांद्या दुसरीतल्या. एनडी स्क्रूचा असेल तर काढताना ट्रायपॉड हलतो. घट्ट बसलेल्या फिल्टरपेक्षा चुंबकाचे किंवा होल्डरमध्ये सरकवायचे बरे.

तुमच्या फोटोतल्या गढूळ पाण्याबद्दल : मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी पाणी चहासारखंच असतं. दोन-तीन दिवस उघडीप मिळाल्यावर जा. पाणी एकाएकी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाचोळा वाहत आला, तर ट्रायपॉड उचला आणि काठावर या. वर पाऊस झालेला असतो.

प्रश्न : गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. पुसून पुसून थकलो.

पुसू नका. एसीत गार पडलेल्या काचेवर बाहेरची दमट हवा पाणी होऊन बसते. पुसलं की पुन्हा बसते आणि कोटिंगवर फरांटे पडतात. ठिकाण यायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा. तेवढं जमलं नाही तर कॅमेरा बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा आणि मग उघडा.

घरी आल्यावर ओली बॅग कपाटात कोंबली तर लेन्सला बुरशी ठरलेली. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, सोबत एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आंचेवर सुकवून पुन्हा निळं करता येतं. तो तवा मात्र पोळीसाठी परत वापरू नका, आणि सुकवताना खिडकी उघडी ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणाऱ्यांना एवढंच : त्यातली पीठधूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

प्रश्न : कासच्या पठारावर काढलेली जांभळी फुलं निळी येतात आणि गुलाबी तेरड्याचा नुसता डाग दिसतो, पाकळी दिसत नाही.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. जांभळा रंग बऱ्याच कॅमेऱ्यांना अवघड जातो, निळ्याकडे झुकतो. ऑटो व्हाइट बॅलन्स सोडून ‘क्लाउडी’ किंवा ६०००-६५०० केल्विन ठेवा, आणि एडिटिंगमध्ये कलर मिक्सरमध्ये ब्लू आणि पर्पलचा ह्यू उजवीकडे, १० ते २०. सीतेच्या आसवांसारखं निळं-जांभळं फूल मुळात नेमकं कोणत्या छटेचं होतं, हे नंतर आठवत नाही. तिथेच मोबाइलवर एक फोटो काढून डोळ्यासमोरच्या फुलाशी ताडून शेरा लिहून ठेवा.

तेरड्याचा डाग होतो कारण त्याचा लाल चॅनल उडालेला असतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, म्हणून लक्षात येत नाही. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम लावा. लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. नंतर सॅच्युरेशन न वाढवता मॅजेन्टाचा ल्युमिनन्स उणे १०-१५ करा, शिरा परत दिसू लागतात. आणि गालिचा दाखवायला पठारात शिरायची गरज नाही. वाटेवरूनच ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स खाली धरून काढलं की फुलं एकमेकांवर दाटतात. जवळ जाऊन वाइडने काढलं की फुलांपेक्षा मधला चिखलच जास्त दिसतो.

प्रश्न : पुढचा दगड आणि मागचा कडा दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून एफ/२२ वापरतो. तरी फोटो मऊ, आणि आकाशात काळे ठिपके.

मऊपणा एफ/२२ चाच आहे. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ/११ च्या पुढे ते दिसू लागतं. १८ मिलिमीटर, एफ/८ ला दोन मीटरवर फोकस धरा : एक मीटरपासून क्षितिजापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर, एफ/८ असेल तर अडीच मीटरवर, सव्वा मीटरपासून पुढे. दगड त्याहून जवळ असेल तर दोन फ्रेम घ्या, एक दगडावर आणि एक कड्यावर फोकस करून, आणि जोडा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करून बघा. काही लेन्सेस नसलेला कंप शोधत स्वतःच हलतात.

ठिपके सेन्सरवरची धूळ. ती एफ/४ ला दिसत नाही, एफ/१६ ला ठळक होते. निघण्याआधी एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून शंभर टक्के मोठा करून बघा. आधी रबरी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. तोंडाने फुंकर नको, थुंकी बसते.

प्रश्न : डोंगराच्या कडेला एडिटिंगनंतर पांढरी किनार येते.

क्लॅरिटी आणि डीहेझ जास्त झालं, किंवा आकाशाचा मास्क डोंगराच्या अलीकडेच थांबला. आधी दोन्ही स्लायडर शून्यावर आणा आणि आकाश गडद करण्यासाठी लिनियर ग्रेडियंट डोंगरावरूनही उतरू द्या. डोंगर फार काळवंडला तर त्यातून तेवढाच भाग वजा करा. डीहेझ १५ च्या पुढे गेलं की निळा रंगही चढतो, मग सॅच्युरेशन पाच-दहा कमी करावं लागतं. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या सह्याद्रीच्या रांगांवर तर डीहेझ लावूच नका. तो फिकटपणाच तर फोटो आहे!

प्रश्न : वेरूळ-अजिंठ्याला फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही. मग काढायचं कसं?

आधी वेळ. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून दुपारनंतर उजेड आत शिरतो. सकाळी गेलात तर दर्शनी भाग सावलीत. मंगळवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा बंद असतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत आयएसओ ३२००, एफ/२.८, १/१५ सेकंद, स्टॅबिलायझेशन चालू, कोपर बरगडीला दाबून श्वास सोडताना सलग चार फ्रेम; त्यातली एक तरी धारदार निघते. टेकायला म्हणून चित्राच्या भिंतीला किंवा खांबाला हात लावू नका. आयएसओ वाढवायला घाबरू नका : कमी आयएसओवर काळा आलेला फोटो नंतर उजळला की जास्त दाणे दिसतात. नॉइज काढताना कपाळावरची रेघ मेणासारखी गुळगुळीत व्हायच्या आत हात आवरा.

प्रश्न : स्क्रीनवर छान दिसणारा फोटो लॅबमधून काळपट येतो. १२ बाय १८ ला मोबाइलचा फोटो पुरेल का?

लॅबला दोष देण्याआधी मॉनिटरची ब्राइटनेस बघा. खोलीच्या नेहमीच्या उजेडात कोरा ए-४ कागद स्क्रीनशेजारी धरा, स्क्रीनवर पांढरी फाइल उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. बऱ्याच मॉनिटरवर ती निम्म्याच्याही खाली येते. त्या ब्राइटनेसवर फोटो पुन्हा बघा. काळपटपणा स्क्रीनवरच दिसेल. मग ४ बाय ६ चे तीन प्रिंट काढून घ्या : आहे तसा, एक-तृतीयांश स्टॉप उजळ, दोन-तृतीयांश स्टॉप उजळ. मोठा प्रिंट त्यातला बघून ठरवा. फाइल एसआरजीबी जेपेगच द्या, लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर. मॅट कागदावर काळा कमी खोल येतो, त्यासाठी शॅडोज थोडे उघडे ठेवा.

इंचाला ३०० पिक्सेलने १२ बाय १८ ला ३६०० बाय ५४०० लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो, ४००० बाय ३०००, त्या आकारात कापला तर इंचाला २२० च्या आसपास पिक्सेल मिळतात. भिंतीवर दोन-तीन फुटांवरून बघायला ते पुरतात. डिजिटल झूम करून काढलेला असेल तर मात्र ४ बाय ६ वर समाधान माना.